चालतंय ना? मग हात लावू नको!

कॉलेजच्या प्रत्येक लॅबमध्ये, प्रत्येक होस्टेलमध्ये ऐकू येणारा हा सल्ला. पण तुमच्या प्रोजेक्टमधला निम्म्याहून जास्त कोड तुम्ही लिहिलेलाच नसेल, तर हात लावायचा नाही तो नक्की कशाला?

एक्स्टर्नल सकाळी दहाला येणार होते. आदल्या रात्री साडेअकराला प्रोजेक्टच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘एक छोटीशी लाइन टाकलीये, सगळ्यांनी पुल मारा. बिल्ड सक्सेस आहे.’

माझ्या रूममेटनं पुल मारला. बिल्ड तिच्याकडेही सक्सेस झालं. ॲप सुरूही झालं. आणि पेशंटची यादी दाखवणारं पहिलंच पान उघडलं, तर स्क्रीनभर लाल अक्षरं. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा, ‘नो सच मेथड एरर’. म्हणजे अशी मेथडच नाही. आता ती मेथड हिनं लिहिलेलीच नव्हती, टीममधल्या कुणीच लिहिलेली नव्हती. मग ‘नाही’ म्हणजे काय? आणि संध्याकाळपर्यंत सगळं चालत होतं, तेव्हा ती कुठं होती?

लाइन टाकणारा मित्र फोन सायलेंट करून झोपला. हिनं आधी प्रोजेक्ट क्लीन केला. मग लॅपटॉप रीस्टार्ट केला. मग जावा काढून पुन्हा टाकलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ‘डॉट एम टू’ नावाचा एक फोल्डरच उडवला. आजवर डाउनलोड झालेल्या सगळ्या लायब्रऱ्या त्याच फोल्डरमध्ये असतात, हे तिला कळलं ते होस्टेलच्या वायफायवर त्या सगळ्या पुन्हा उतरायला लागल्या तेव्हा. पावणेतीनला ती मला म्हणाली, ‘अगं, चालत होतं ना? मी उगाच पुल मारला. चालतंय तिथं हात लावायचाच नाही.’

मी मास कॉमची. तिच्या कोडमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मी एक प्रश्न विचारला, ‘मेथड नाही म्हणतंय ना, ती मेथड कुणाची?’ बातमी लिहिताना आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच विचारायला शिकवतात. हे सांगितलं कुणी? आणि त्याला कुणी सांगितलं? सोर्सचा सोर्स कोण?

तिनं शोधायला सुरुवात केली आणि पहाटे चारला ती एका व्हर्जन नंबरवर येऊन थांबली. तो नंबर पुसला. ॲप चाललं.

त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या मागे लागले. आणि माझं आता एक ठाम मत झालंय. लायब्रऱ्या कशा आणायच्या, कुठल्या व्हर्जनच्या आणायच्या आणि त्यांच्या मागून आणखी कोण कोण येतं हे कसं बघायचं, ही ‘इंडस्ट्रीत गेल्यावर शिकू’ अशी गोष्ट नाहीये. ती लूप आणि ॲरेच्या बरोबरीनं शिकायची गोष्ट आहे. कॉलेज शिकवत असेल तर उत्तमच. नसेल तर आपली आपण.

नऊ नावं लिहिली, सत्तर आली

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोजेक्ट करताना सगळं कुणी स्वतः लिहीत नाही. डेटाबेसशी बोलायला, लॉगिन करायला, पीडीएफ बनवायला लोकांनी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो. त्याला म्हणायचं लायब्ररी. तुमचा प्रोजेक्ट तिच्यावर अवलंबून, म्हणून ती तुमची डिपेन्डन्सी.

पूर्वी जावाची मुलं या लायब्रऱ्यांच्या जार फायली एका ‘लिब’ फोल्डरमध्ये कोंबायची आणि पेनड्राइव्हवरून एकमेकांना द्यायची. कुठली फाइल कुठून आली, कुठल्या व्हर्जनची आहे, कुणालाच ठाऊक नसायचं. हे काम बिल्ड टूलनं अंगावर घेतलं. जावाच्या जगात त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे मेव्हन. हा मूळ यिडिश भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘जाणकार’. अपाची फाउंडेशनच्या टर्बाइन नावाच्या एका प्रोजेक्टचं बिल्ड सोपं करायला हे टूल सुरू झालं आणि २००४ मध्ये त्याचं १.० आलं.

मेव्हनला तुम्ही ‘पॉम डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये फक्त यादी द्यायची. प्रत्येक लायब्ररीसाठी तीन गोष्टी : ग्रुप आयडी म्हणजे कुणाची, आर्टिफॅक्ट आयडी म्हणजे कुठली, आणि व्हर्जन म्हणजे कितवी. आडनाव, नाव आणि आवृत्ती म्हणा ना. मेव्हन जातं, मेव्हन सेंट्रल नावाच्या सार्वजनिक कोठारातून ती उचलतं, तुमच्या मशीनवर डॉट एम टूमध्ये आणून ठेवतं.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही मागवलेल्या लायब्ररीलाही तिच्या स्वतःच्या लायब्रऱ्या लागतात, आणि त्यांनाही त्यांच्या. मेव्हन न विचारता ही सगळी वरात घेऊन येतं.

आपल्या आमटीचं उदाहरण घ्या. आमटीत काय काय टाकलं असं विचारलं, तर तुम्ही सांगाल, तुरीची डाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला. चार नावं. पण गोड्या मसाल्यात काय आहे? धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेसर... ते तुम्ही टाकलं नाही, तरी तुमच्या आमटीत आहेच. कुणाला तिळाची ॲलर्जी असेल, तर ‘मी तीळ टाकलेच नव्हते’ म्हणून चालेल का?

रूममेटच्या पॉममध्ये नऊ नावं होती. झाड काढून पाहिलं तर सत्तरच्या वर. हे झाड दाखवायला मेव्हनची एक ओळीची कमांड आहे, ‘एमव्हीएन डिपेन्डन्सी:ट्री’. चार वर्षांत तिनं ती पहिल्यांदा त्या पहाटे चालवली.

मग गेली कुठं ती मेथड?

चूक समजून घ्या, कारण तुमच्याही प्रोजेक्टमध्ये ती होणार आहे. झालेलीही असेल.

त्यांचा प्रोजेक्ट स्प्रिंग बूटवर होता. स्प्रिंग बूट घेतलं की सोबत एक मोठी यादी येते. कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन एकमेकांशी जुळतं, हे त्यांनी आधीच तपासून त्यात मांडलेलं असतं. त्यामुळे यादीतल्या लायब्ररीचं तुम्ही फक्त नाव लिहायचं, व्हर्जन लिहायचं नाही. मित्रानं काय केलं, तर एका ट्युटोरियलमधून जॅक्सन या लायब्ररीच्या ओळी जशाच्या तशा उचलल्या, व्हर्जन नंबरसकट. जॅक्सनचे मुख्य भाग तीन : कोअर, ॲनोटेशन्स आणि डेटाबाइंड. त्यानं नंबर दिला फक्त डेटाबाइंडला. म्हणजे डेटाबाइंड नव्या व्हर्जनचं आलं आणि कोअर राहिलं यादीतलं, जुनं. नवं डेटाबाइंड जुन्या कोअरकडे अशी मेथड मागायला लागलं, जी त्याच्या काळात अस्तित्वातच नव्हती. नो सच मेथड!

पण मग बिल्ड सक्सेस कसं? कारण बिल्ड होताना तपासला जातो तो तुमचा कोड. लायब्रऱ्या आधीच तयार होऊन आलेल्या असतात. त्यांचं एकमेकींशी पटतं का, हे त्या प्रत्यक्ष कामाला लागल्यावरच कळतं. तेव्हा मित्र खोटं बोलत नव्हता. त्यानं हिरवी अक्षरं पाहिली आणि तो झोपला. आपणही तेच करतो की.

आणखी एक गोष्ट ऐका, जी कळल्यावर मी तरी दोन मिनिटं गप्प बसले. समजा तुमच्या प्रोजेक्टनं ‘अ’ आणि ‘क’ अशा दोन लायब्रऱ्या मागवल्या. ‘अ’ला लागते ‘ब’, आणि ‘ब’ला लागते ‘ड’ची २.० आवृत्ती. ‘क’ला मात्र थेट ‘ड’ लागते, पण १.० आवृत्ती. मेव्हन कुठली ‘ड’ घेईल? आपल्याला वाटतं नवी. मेव्हन घेतं जुनी, १.०. कारण नवं कोण हे ते बघतच नाही, जवळचं कोण हे बघतं. झाडात ज्या रस्त्यानं कमी पायऱ्या, ती आवृत्ती पक्की. दोन्हीकडे पायऱ्या सारख्या असतील, तर पॉममध्ये जिचं नाव आधी, तिची आवृत्ती. म्हणजे फाइलमधल्या दोन ओळींची नुसती अदलाबदल केली, तरी तुमचं ॲप वेगळं वागू शकतं!

ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल, अँड्रॉइड करणाऱ्यांच्या ओळखीचं. ते याच प्रसंगात २.० घेतं, कारण त्याचा साधा नियम आहे, सगळ्यात वरची आवृत्ती. दोन टूल, एकच प्रोजेक्ट, उत्तरं दोन. यात चूक कुणाचीच नाही. नियम वेगळे आहेत, एवढंच. पण ते नियम माहीत नसतील तर आपण काय म्हणतो? ‘जावाच बेकार आहे.’ ‘माझा लॅपटॉप शापित आहे.’ किंवा मग आपलं आवडतं वाक्य, ‘चालतंय ना? मग हात लावू नको.’

हात न लावल्याचा भाव

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे की. हात लावला म्हणूनच तर त्या रात्रीचा गोंधळ झाला. ठीक. मग हात न लावल्यानं काय होतं, तेही बघू.

जावाच्या जगात ‘लॉगफोरजे’ नावाची एक लायब्ररी आहे. काम अगदी साधं, प्रोग्रॅममध्ये काय घडलं याची नोंद ठेवायची. कुणी लॉगिन केलं, काय शोधलं, कुठं चुकलं. २४ नोव्हेंबर २०२१ ला अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा टीममधल्या चेन झाओजुन यांनी अपाची फाउंडेशनला कळवलं, की या लायब्ररीत मोठं भोक आहे. विशिष्ट पद्धतीनं लिहिलेला मजकूर तिच्या नोंदीत गेला, तर ती तो नुसता नोंदवत नाही. त्यात दिलेल्या बाहेरच्या सर्व्हरशी जाऊन बोलते आणि तिथला कोड आणून चालवते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही गोष्ट जगजाहीर झाली. माइनक्राफ्टसारख्या गेममध्ये तर चॅटमध्ये एक ओळ टाइप केली की पुरे. धोक्याच्या मोजपट्टीवर याला १० पैकी १० मिळाले.

हे भोक २०१३ पासून तिथं होतं. आठ वर्षं सगळं ‘चालत’ होतं.

दुरुस्तीची आवृत्ती लगेच आली. त्यातही त्रुटी सापडल्या, म्हणून त्याच महिन्यात दुसरी, मग तिसरी. पण जगभरच्या कंपन्यांपुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. पहिला प्रश्न होता, ‘ही लायब्ररी आपल्याकडे आहे का?’ अनेकांनी ती स्वतः मागवलेलीच नव्हती. ती आमटीतल्या तिळासारखी, दुसऱ्या कशाच्या तरी पोटातून आली होती. ज्यांना आपलं झाड माहीत होतं त्यांनी नंबर बदलला. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांची सुट्टीच्या दिवसांत सर्व्हर उकरताना दमछाक झाली.

हे वाचून मी घाईघाईनं रूममेटचं झाड तपासलं आणि ओरडलेच, ‘अगं, तुझ्यात आहे!’ त्यात ‘लॉगफोरजे एपीआय’ असं नाव होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘एपीआय आहे. भोक कोअरमध्ये होतं.’ तिचं बरोबर होतं. स्प्रिंग बूट नोंदीसाठी मुळात दुसरीच लायब्ररी वापरतं, आणि सोबत येणारी एपीआयची फाइल एकटी धोक्याची नव्हती. आठवड्यापूर्वी जी मुलगी रडवेली होऊन जावा अनइन्स्टॉल करत होती, ती आता मला समजावत होती. झाड वाचायला शिकल्याचा हा पहिला फायदा. घाबरायचं कुठं आणि कुठं नाही, हे कळतं.

मग काय, रोज लेटेस्ट टाकायचं?

नाही. ती दुसऱ्या टोकाची अंधश्रद्धा.

२९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरनं जगाला सांगितलं, की ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. ही जावाची नाही, लिनक्समधली लायब्ररी, फायली दाबून लहान करणारी. त्याला सापडलं कसं? दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण लक्षही दिलं नसतं. तो मात्र कारण शोधत शोधत थेट तिथवर पोचला.

‘जिया टॅन’ या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रोजेक्टला मदत करून विश्वास कमावला होता. मूळ सांभाळणारा लासे कॉलिन हे काम बिनपगारी, छंद म्हणून करायचा. थकलेला होता. मदतीला कुणी आलं याचं त्याला बरंच वाटलं असणार. इथं सापडले कोण, तर ज्यांच्या सिस्टिमनं सगळ्यात ताज्या आवृत्त्या उचलल्या होत्या ते. सावकाश चालणाऱ्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत विष पोचायच्या आत ते पकडलं गेलं.

बघा, लॉगफोरजेमध्ये जुनं धरून बसलेले अडकले. एक्सझेडमध्ये नव्याच्या मागे धावलेले. मग नियम काय? ‘हात लावू नको’ हा नियम नाही आणि ‘लेटेस्ट टाक’ हाही नाही. दोन्ही सल्ल्यांमध्ये विचार करायची सुट्टी आहे, म्हणून ते आपल्याला आवडतात. आपल्याकडे काय आहे, का आहे आणि ते का बदलतोय, हे सांगता येणं एवढा एकच नियम टिकतो.

तिसरा किस्सा जावास्क्रिप्टवाल्यांसाठी. २२ मार्च २०१६. अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचा एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्यानं एनपीएमवरची आपली सगळी, अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्यात एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. शब्दाच्या डावीकडे हव्या तेवढ्या जागा किंवा शून्यं भरणारं. कोड किती? अकरा ओळी. पण बेबेलसारखं, असंख्य प्रोजेक्ट ज्यावर उभे आहेत असं टूल त्याच्यावर टेकलेलं होतं. जगभरची बिल्ड धडाधड पडायला लागली. शेवटी एनपीएमनंच ते पॅकेज काही तासांत परत आणलं आणि नंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम बदलले. मेव्हन सेंट्रलवर एकदा ठेवलेली आवृत्ती काढता किंवा बदलता येत नाही, त्यामागचं कारण यावरून लक्षात येतं.

अकरा ओळी आपण स्वतः लिहू शकलो असतो की नाही? प्रत्येक वेळी उत्तर ‘हो’ असेलच असं नाही. पासवर्ड सुरक्षित ठेवायचा कोड कृपया स्वतः लिहू नका. पण प्रश्न विचारायला काय जातं?

एआय करेल ना ते

हा मुद्दा मला प्रत्येकानं ऐकवला. ‘एरर आली की चॅटबॉटला टाकायची. तो पॉम लिहून देतो. शिकायचं कशाला?’

देतो लिहून, खरंय. पण तो देतो ती आवृत्ती त्यानं ज्या काळातला मजकूर वाचला असेल त्या काळातली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून कोण बसलंय, हे तुम्ही दाखवल्याशिवाय त्याला माहीत नसतं. आणि कधी कधी तो अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव छातीठोकपणे सांगतो. एवढ्यावर थांबलं असतं तर एरर आली असती, विषय संपला. पण अशी काल्पनिक नावं हेरून त्याच नावानं खरंखुरं घातक पॅकेज टाकून ठेवता येतं, आणि सुरक्षा क्षेत्रातले लोक याबद्दल सावध करतायत. ओळखीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून सापळा लावणं तर जुनंच आहे.

एआय वापरू नका, असं मी म्हणत नाहीये. मीही वापरते. माझं म्हणणं एवढंच, की त्यानं दिलेली ओळ बरोबर आहे का हे तपासायला जे यावं लागतं, तेच तर आपण शिकायचं टाळतोय.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा. ‘इंटरव्ह्यूला डीएसए विचारतात, मेव्हन नाही.’ विचारत असतील. पण नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी कुणी तुमच्याकडून झाड उलटवून घेत नाही. पहिल्या दिवशी एक प्रोजेक्ट क्लोन करायला सांगतात आणि म्हणतात, ‘आधी तुमच्या मशीनवर चालवून दाखवा.’

या रविवारी एवढं करा

नुसतं मत देऊन पळून जाणं बरं नाही. म्हणून रूममेटकडून समजून घेऊन ही छोटी यादी केलीये. एका दुपारचं काम आहे.

पहिलं, तुमच्या प्रोजेक्टचं झाड काढा. मेव्हन असेल तर वर दिलेली कमांड. ग्रेडलमध्ये ‘डिपेन्डन्सीज’ नावाचं टास्क आहे, एनपीएममध्ये ‘एनपीएम एलएस’ आणि पुढे ‘ऑल’चा पर्याय. सगळं समजलं नाही तरी चालेल, नुसतं वरून खाली वाचा.

दुसरं, तुम्ही स्वतः लिहिलेल्या प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा, ‘ही का आणली?’ मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा. जिच्यापुढे काही लिहिता येत नाही, ती काढून बघा. मेव्हनची ‘डिपेन्डन्सी:ॲनालाइझ’ ही कमांड मागवून न वापरलेल्या लायब्रऱ्या दाखवते, आणि न मागवता परस्पर वापरलेल्याही. तिचा शब्द अंतिम मानू नका, कारण काही लायब्रऱ्या ॲप चालू असतानाच कामाला येतात आणि तिला दिसत नाहीत. पण सुरुवात छान होते.

तिसरं, स्कोप बघा. जेयुनिट फक्त टेस्टिंगपुरतं लागतं, तर तिथं ‘टेस्ट’ लिहा. जी गोष्ट सर्व्हर स्वतःच पुरवतो, तिथं ‘प्रोव्हायडेड’. पाहुण्यांना ताट वाढताना आपण खलबत्ता वाढत नाही ना.

चौथं, स्प्रिंग बूटसारखी तयार यादी वापरत असाल, तर तिच्यातल्या लायब्ररीला हातानं नंबर देऊ नका. द्यावाच लागला तर शेजारी कमेंटमध्ये कारण लिहा. एनपीएमवाल्यांनी ‘पॅकेज-लॉक’ची फाइल गिटमध्ये टाका, ती डिलीट करून एरर घालवायची सवय सोडा. सगळ्यांकडे नेमक्या त्याच आवृत्त्या याव्यात, म्हणून तर ती असते.

पाचवं, नवी ओळ टाकल्यावर ‘बिल्ड सक्सेस’ बघून झोपू नका. ॲप उघडा, चार पानं फिरा, मग ग्रुपवर मेसेज टाका. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नवी लायब्ररी? अजिबात नाही. तेवढ्यापुरता ‘हात लावू नको’ मलाही मान्य.

एक्स्टर्नलनी काय विचारलं?

दुसऱ्या दिवशी डेमो झाला. ॲप चाललं. एक्स्टर्नलनी कोड स्क्रोल करत विचारलं, ‘यातलं तुमचं किती आणि आयतं किती?’ एरवी या प्रश्नाला सगळ्या टीमनं खाली बघितलं असतं. रूममेट रात्रभर तेच बघत बसली होती. तिनं सांगितलं, ‘सर, नऊ आम्ही मागवल्या, बाकीच्या त्यांच्याबरोबर आल्या,’ आणि झाड उघडून दाखवलं.

मग त्यांनी पॉममधल्या दोन नावांवर बोट ठेवलं. ‘आणि या कशाला?’

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या महिन्यात सोडून दिलेल्या एका फीचरसाठी त्या आणल्या होत्या. फीचर गेलं, लायब्रऱ्या राहिल्या. चौघांपैकी कुणीच नंतर तिकडे पाहिलं नव्हतं, कारण चालत होतं ना.

ती संध्याकाळी रूमवर आली, बॅग टाकली आणि आधी त्या दोन ओळी काढल्या. मार्क देऊन झाले होते, प्रोजेक्ट संपला होता, आता ते ॲप कुणी उघडणारही नव्हतं. मी विचारलं, ‘आता कशाला?’

म्हणाली, ‘माझ्या नावावर आहे ना तो.’

तुमच्या नावावर जे आहे, त्याचं झाड तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?